बाप या विषयावर सर्वसाधारण विधानं

३ ऑक्टोबर, मंगळवार

इंग्रजीतल्या 'अ' आणि 'द'ने आज परत जीव खाल्ला!

दर बॅचला हाच डोंगर. आपल्या भाषेत हे दोन शब्द नाहीतच, त्यामुळे लोक ते मिठासारखे वापरतात. वाक्य अळणी वाटलं की टाक चिमूटभर. पार्लरवाली आज म्हणाली, "द लाइफ इज हार्ड." म्हटलं, 'द' काढा, तुम्ही एकंदर आयुष्याबद्दल बोलताय. नुसतं 'लाइफ'. तर म्हणे, "मॅडम, 'द' काढला तरी हार्डच राहतं की!" वर्ग हसला. मीही.

या वेळी सहाच जण. सगळ्यांना परदेशी नोकरीसाठी तोंडी परीक्षा द्यायचीय. परीक्षक विषय देतो — घर, काम, कुटुंब — आणि त्यावर सर्वसाधारण बोलायचं असतं. 'माझा कुत्रा' नाही. कुत्रा म्हणजे कसा असतो, ते. तीन वाटा सांगितल्या. 'अ डॉग' — कुठलाही एक उचला, तो असाच निघेल. 'द डॉग' — जरा पुस्तकी, सगळ्या जातीच्या वतीने एकच उभा. आणि 'डॉग्ज' — सरळ अनेकवचन. परीक्षेत हेच वापरा, फसायची भीती नाही.

आचारी म्हणाला, "एका कुत्र्याला तीन साखळ्या!"

शेवटच्या बाकावर एक तिशीचा माणूस आहे. दुधाचा टँकर चालवतो. बाकीचे त्याला टँकरच म्हणायला लागलेत. आज एक अक्षर बोलला नाही. वहीत मात्र सारखं काहीतरी लिहीत होता.


५ ऑक्टोबर

आज विषय कुटुंब. टँकरला उभं केलं. कानापर्यंत लाल झाला. मग एका दमात — "द फादर पुट्स द पेन्सिल बिहाइंड द इअर अँड देन द फादर सर्चेस द पेन्सिल इन द होल हाऊस."

काय हसले सगळे! नर्स म्हणाली, "आमच्या बाबांचं हेच, फक्त चष्मा. कपाळावर!" आचारी म्हणाला, त्याचा बाप तर एकदा त्यालाच शोधत होता, कडेवर घेऊन.

मी रीतीप्रमाणे दुरुस्त केलं. 'अ फादर' म्हणा, नाहीतर 'फादर्स'. तुमचा 'द' ऐकून परीक्षकाला वाटेल तुम्ही एका ठरावीक माणसाबद्दल बोलताय.

"पण मॅडम, सगळ्या बापांचं मला काय ठाऊक? मी एकच पाहिलाय."

परीक्षेपुरतं सगळे पाहिलेत असं समजा, म्हटलं. परत हशा.

घरी चालत आले. दोन गल्ल्या उगाच जास्त.

बाबा लाकडाच्या वखारीत होते. मोजमाप करायचे. पेन्सिल कानामागे, आणि घरभर शोध चाललेला. मला दिसत असायची. सांगायची नाही मी. ते पण माझ्याकडे तिरके बघत शोधायचे, म्हणजे त्यांनाही माहीत असणार. मी नऊ वर्षांची होते ते गेले तेव्हा. बाहेरगावी कामाला गेले आणि तिकडेच गेले. ती पेन्सिल इतक्या वर्षांत एकदाही आठवली नव्हती. कुठे होती इतके दिवस?


६ ऑक्टोबर

आई म्हणाली, "तोंड का शिवलंय?" म्हटलं, दाढ दुखतेय.


१० ऑक्टोबर

वाघाचं उदाहरण घेतलं. वाघ नामशेष होत चाललाय — इथे 'द टायगर' चालतं, 'टायगर्स' चालतं, 'अ टायगर' चालत नाही. का? कारण एक वाघ नामशेष होत नाही. एक वाघ मरतो.

बोलून गेले. मग घाईघाईने म्हटलं, चला, कुटुंब पुढे चालू.

टँकर आपणहून उठला. त्याला आता धीर आलाय. त्याचं वाक्य मी घरी येईपर्यंत मनात घोकत होते, म्हणून जसंच्या तसं लिहिते — "द फादर कॉल्स द चाइल्ड साहेब. एव्हरी मॉर्निंग ही सेज, साहेब, गेट अप, युवर कार इज रेडी. बट देअर इज नो कार."

मी दुरुस्त केलं नाही. विचारलं, "मग काय आहे?"

"खांदे, मॅडम. बापाचे खांदे."

मी पाठ वळवली आणि फळा पुसला. कोराच होता.

'उठा साहेब, गाडी लागलीय.' मी मुलगी, तरी साहेबच. पलंगाच्या कडेला पाठ करून बसायचे. मी डोळे मिटूनच चढायची. हे मी कुणाला सांगितलेलं नाही. आईलासुद्धा नाही — ती तेव्हा पाण्याच्या रांगेत असायची.


११ ऑक्टोबर

सकाळी बसस्टॉपवर पुढच्या माणसाची मान बघत राहिले. पांढरे केस, खाली सुरकुतलेली कातडी. बस आली, तो चढला, मी चढलेच नाही.

वेड लागेल अशाने.


१२ ऑक्टोबर

तास सुटल्यावर त्याला थांबवलं. म्हटलं, वाक्यं छान करता, पण एक काळ ठरवा. 'कॉल्स' म्हणजे अजूनही हाक मारतात. वडील नसतील तर 'कॉल्ड' म्हणायचं.

"आहेत की मॅडम! म्हणून तर प्रेझेंट टेन्स. थकलेत, पण ठणठणीत. माझ्या पोराला साहेब म्हणतात आता. मी रिटायर!"

काय करायचे ते?

"सुतारकाम. लाकडाशिवाय दुसरं काही येत नाही त्यांना."

मूळचे कुठले?

तो जरा घुटमळला. "ते काही बोलत नाहीत त्याबद्दल. आईला भेटायच्या आधी दुसरीकडे कुठेतरी होते. आईने एकदाच सांगितलं होतं — त्यांचं आधीचं काहीतरी आहे, विचारून दुखवू नका. मग नाही विचारलं. आडनावसुद्धा आम्ही आईचंच लावतो." मग हसून, "का मॅडम? परीक्षेत विचारतील?"

विचारू शकतात, म्हटलं.

नाव विचारायचं होतं. ओठांवर होतं. विचारलं आणि वेगळं निघालं तर? आणि तेच निघालं तर?

त्याची हनुवटी माझ्यासारखी आहे का? बेसिनवरच्या आरशात किती वेळ बघत होते. आई बाहेरून ओरडली, "आत नाटक चाललंय का काही?"


१४ ऑक्टोबर

हिशेब लावला. बाबा गेल्याला पस्तीस वर्षं. तो तिशीचा. मधली चार-पाच वर्षं. बसतंय!

बसतंय म्हणजे काय? मेलेल्या माणसाला मुलगा होतो का?

आमच्याकडे बाबांचा फोटो नाही. आई म्हणायची, बघवत नाही. गेले तेव्हा महिन्याभरात आम्ही मामाकडे राहायला आलो, शाळा बदलली. कुणी भेटायला आल्याचं आठवत नाही. शेजारच्या बायका कुजबुजायच्या आणि मला पाहिलं की गप्प व्हायच्या. मला वाटायचं, पोरकी झाले म्हणून. आता एकेक गोष्ट उलटी करून बघतेय आणि प्रत्येकीला मागची बाजू आहे!


१७ ऑक्टोबर

टँकर परीक्षा पास झाला. मिठाईचा डबा घेऊन आला. आचारी लग्नघरातल्यासारखा सगळ्यांना वाटत सुटला. पार्लरवालीने विचारलं, परीक्षकाने काय विचारलं रे? म्हणाला, विषय आला 'वृद्ध माणसं'. 'द ओल्ड' — मॅडमनी शिकवलेलं, विशेषणाला 'द' लावला की ती सगळी माणसं. मग बोलत सुटलो. परीक्षक शेवटी म्हणाला, तुमच्या वडिलांना माझा नमस्कार सांगा. "म्हणजे मॅडम, कितीही सर्वसाधारण बोललो तरी पकडलंच त्याने!"

पुढच्या आठवड्यात निघणार. बायको-पोरगा नंतर. वडील इथेच राहणार, नाही म्हणतात यायला.

जाताना दारात थांबला. "मॅडम, रविवारी घरी या ना. बाबांना तुम्हाला बघायचंय. रोज विचारतात — आज मॅडमनी काय शिकवलं? आज मॅडम काय म्हणाल्या?"

रोज विचारतात.

येते म्हटलं.


१८ ऑक्टोबर

बाबांनी मुद्दामच टँकरला या क्लासला घातलं असेल? नाव वाचून? पाटीवर माझं नाव आहे, पूर्ण, मधल्या नावासकट. मधलं नाव त्यांचं.

देवा.


१९ ऑक्टोबर

आईशी बोलले.

संध्याकाळी क्लासला दांडी मारली — पंधरा वर्षांत पहिली. क्लास चालवणाऱ्या सरांना तापाची थाप मारली. आई स्वयंपाकघरात खाली बसून मटार सोलत होती. मी समोर बसले आणि एक शेंग उचलली. कसं सुरू करायचं ते ठरवलं होतं, ऐन वेळी सगळं उडालं. तोंडातून निघालं ते असं — "आई, बाबा कसे गेले?"

तिचा अंगठा शेंगेतच थांबला.

"आता काय त्याचं?"

"कसे गेले? आजारी होते? अपघात झाला? कुणी कळवलं? कोण घेऊन गेलं? मला काहीच का माहीत नाही?"

"लहान होतीस."

"आता नाहीये ना!"

ती सोलत राहिली. मला वाटलं, नेहमीसारखी उठून जाणार. गुडघ्यावर हात ठेवलासुद्धा. पण उठली नाही.

"मी 'गेले' म्हणाले होते," ती म्हणाली. "'मेले' म्हणाले नव्हते."

मला आधी कळलंच नाही. मग कळलं.

"सकाळी गेले. पिशवी घेऊन. मला म्हणाले, मला इथे श्वास येत नाही. एवढंच. भांडण नाही, तंटा नाही. भांडले असते तर मी पण भांडले असते ना! तू शाळेतून आलीस, विचारलंस बाबा कुठे. मी म्हटलं, बाबा गेले. दुसरं काय म्हणू? खरं तेच होतं. दुसऱ्या दिवशी तू शाळेत जाऊन सांगितलंस, माझे बाबा वारले. बाईंनी तुला जवळ घेतलं, घरी सोडायला आल्या, माझा हात हातात घेऊन रडल्या. मी काय करायला हवं होतं? सांगायला हवं होतं, बाई, रडू नका, मेला नाही, आम्हाला टाकून गेलाय?"

"मला तरी!"

"तुला काय सांगायचं? तुझा बाप आहे, पण तुझ्यासाठी नाही? मेलेला बरा नव्हता का त्यापेक्षा? मेलेला बाप परत येत नाही म्हणून पोर रडतं आणि झोपतं. जिवंत बापाची वाट बघतं. मी बघत होते ना वाट. एक जण पुरे होती घरात."

ती रडली नाही. मीही नाही. मटार तेवढे सोलून झाले.

मग मी टँकरचं सांगितलं. पेन्सिल, साहेब, खांदे, लाकूड, आडनाव. ती ऐकत होती आणि तिचा चेहरा बदलत होता — म्हातारपण जणू आत ओढलं जात होतं. साहेब म्हटल्यावर तिने पदर तोंडाशी धरला. "तुला साहेब म्हणायचे?" — हे तिलाही माहीत नव्हतं.

शेवटी इतकंच विचारलं, "जिवंत आहे?"

हो, म्हटलं.

"इथेच? याच गावात?"

हो.


२० ऑक्टोबर

आई जेवत नाहीये. भूक नाही म्हणते. ताट तसंच सरकवते. खिडकीशी बसते. रस्त्याने म्हातारा माणूस गेला की मान पुढे काढते.

दुपारी एकदम म्हणाली, "दुसरी कशी आहे ग?" म्हटलं, ती वारली चार वर्षांपूर्वी, टँकर म्हणाला होता. "खरंच वारली ना? नीट विचारलंस ना?"

मला हसू आलं. तिलाही. मग दोघी हसत सुटलो, अगदी पोट धरून. आणि मग थांबता येईना.


२१ ऑक्टोबर

चिडचिड! दिवसभर. माझा एक बाप पस्तीस वर्षं मेलेला होता. मी त्याला माफ करून बसले होते — मेलेल्याला काय, मागण्याआधीच माफी. आता हा दुसरा उगवलाय, दोन बसस्टॉपांवर राहणारा, पेन्सिल शोधणारा, दुसऱ्यांना खांद्यावर घेणारा. याच्याशी काय बोलायचं? 'तुम्ही माझे वडील' म्हणू? की परीक्षेतल्यासारखं चहा पीत, हसत, फादर्स आर लाइक धिस, फादर्स आर लाइक दॅट?

एक विचार येतो आणि लाज वाटते. त्याने ओळखलं पाहिजे. मी सांगायच्या आधी. दारातच.

टँकरला काही सांगितलेलं नाही. त्याचा काय दोष? माझा भाऊ. लिहून बघितलं. विचित्र दिसतं.


२२ ऑक्टोबर, रविवार, सकाळी

आईला म्हटलं, चल. नाही म्हणाली. "मला बघून त्याला परत श्वास यायचा नाही."

पण माझी साडी तिने काढली. निळी. स्वतः इस्त्री केली, गुडघे धरून धरून. मी निघताना म्हणाली, "त्याला काही बोलू नकोस हं वेडंवाकडं. म्हातारा झाला असेल." मग जिन्यापर्यंत आली, कधी येत नाही. "नुसतं सांग, मी बरी आहे. बाकी काही नाही. बरी आहे म्हणावं."

निघते.


२२ ऑक्टोबर, संध्याकाळी

ते बाबा नव्हते.

म्हाताऱ्याने दार उघडलं आणि मला कळलं. तरी खात्री होईना. भिंतीवर लग्नाचा फोटो होता, त्यात तो म्हातारा तरुण होता, आणि तो कुणीतरी वेगळाच तरुण होता. नाव विचारलं. वेगळं. आधीचं काहीतरी म्हणजे काय, तेही त्याने आपणहून सांगितलं — एक भाऊ होता, विहिरीत गेला, मग गाव सोडलं. माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाला, "पोरी, माझ्या साहेबाला तू बोलतं केलंस." मी चहा घेतला. टँकरला शुभेच्छा दिल्या. घरी आले.

माझे बाबा आता कुठेही असतील. किंवा नसतील. काही माहीत नाही.

आई दारातच उभी होती.

"तोच ना?"

तिच्याकडे बघितलं.

"हो," म्हणाले.

"सांगितलंस मी बरी आहे?"

"सांगितलं."

"काय म्हणाला?"

"बरं वाटलं म्हणाले."

ती आत गेली, पाटावर बसली.

"वाढ मला. भूक लागलीय."

मी वाढलं.